बाजाराला ती कशी दिसते?

2015 चा मार्च महिना देशातल्या कंपनी सचिवांना बराच काळ आठवेल. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना बाजार-नियामक ‘सेबी’ने दिलेली मुदत महिनाअखेर संपत होती. तोवर प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असायला हवी होती. कायदा काही रातोरात आला नव्हता. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 149 मध्ये ही तरतूद होती. ‘सेबी’ची पहिली मुदत 1 ऑक्टोबर 2014 ची होती, ती सहा महिन्यांनी वाढवूनही मिळाली होती. तरी शेवटच्या आठवड्यांत शेकडो कंपन्यांची पळापळ झाली, आणि अनेकांना उत्तर घरातच सापडलं. प्रवर्तकाची पत्नी, बहीण, सून, कुठे कुठे आई. मुदत चुकवणाऱ्यांसाठी 8 एप्रिलला दंडाचा तक्ता निघाला: जूनअखेरपर्यंत नेमणूक केली तर 50 हजार रुपये, त्यानंतर चढत्या भाजणीने. पंचतारांकित हॉटेलात भरणाऱ्या मंडळाच्या एका बैठकीवरही याहून जास्त खर्च होत असेल.

त्या पळापळीवर अग्रलेख आले, विनोदही झाले. पण कंपनीत ज्यांचा पैसा लागलेला असतो त्या गुंतवणूकदारांना या नेमणुकांबद्दल काय वाटलं, हे फारसं कोणी विचारलं नाही. या लेखसंग्रहाचा विषय नेमका तोच आहे. संचालक मंडळावर स्त्री आली की शेअरचा भाव चढतो, उतरतो, की ढिम्म राहतो? मोठे फंड तेव्हा शेअर घेतात की विकतात? आणि जे काही करतात ते तिचं काम पाहून, की तिला आणणाऱ्याचा हेतू ताडून? माझं मत आरंभीच सांगून टाकते. नेमणुकीच्या दिवशीच्या भावात त्या स्त्रीबद्दलची माहिती जवळपास नसतेच. त्यात असते गुंतवणूकदारांनी कंपनीविषयी बांधलेली अटकळ. संग्रहातले सगळे लेखक याला मान डोलावणार नाहीत, आणि त्यात वावगं काही नाही.

नव्या वाचकाला आधी मोजमापाची साधनं ठाऊक हवीत, कारण या क्षेत्रातली निम्मी भांडणं त्यांवरूनच होतात. पहिलं साधन सोपं दिसतं. नेमणुकीची बातमी बाजाराला कळते त्या दिवसाच्या मागेपुढे भाव किती हलला ते पाहायचं, त्यातून एकूण बाजाराच्या हालचालीचा वाटा वजा करायचा, आणि उरेल तो त्या बातमीचा परिणाम मानायचा. यूजीन फामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये शेअर-विभाजनाच्या घोषणांवर ही पद्धत वापरली, तेव्हापासून ती वित्तशास्त्राचं आवडतं हत्यार आहे. दुसरं साधन जेम्स टोबिन यांच्या नावाने ओळखलं जाणारं ‘क्यू’ हे गुणोत्तर: बाजार कंपनीला किती मोल देतो आणि तिच्या मालमत्तेची किंमत किती, यांचा भागाकार. हे वर्षावर्षाचं चित्र दाखवतं. त्याच्या शेजारी नफ्या-तोट्याचे हिशेबी आकडे ठेवले की खरी गंमत सुरू होते, कारण दोन्ही एकाच दिशेला जातीलच असं नाही. तिसरं साधन म्हणजे कोणी किती शेअर घेतले वा विकले आणि सभेत कोणाला मत दिलं याच्या नोंदी. मला विचाराल तर हे सगळ्यांत बोलकं, आणि सगळ्यांत कमी वापरलेलं.

आकड्यांतून घाईने निष्कर्ष काढला तर काय होतं, याचा एक नमुना या क्षेत्रात दंतकथेसारखा सांगितला जातो. नोव्हेंबर 2003 मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने एक बातमी छापली. ज्या बड्या ब्रिटिश कंपन्यांच्या मंडळावर स्त्रिया जास्त, त्यांची बाजारातली कामगिरी वाईट. तेव्हा स्त्रियांनी मंडळांचं नुकसानच केलं, असा तिचा सूर होता. एक्सेटर विद्यापीठातल्या मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी त्याच कंपन्यांचे भाव महिन्यामहिन्याने उलगडून पाहिले. बाजार एकूण घसरणीला लागलेला असताना ज्या कंपन्यांनी स्त्रीला मंडळावर घेतलं, त्या आधीचे पाच महिने सातत्याने गटांगळ्या खात होत्या. स्त्री आली म्हणून भाव पडला नव्हता. भाव पडत होता तेव्हा स्त्रीला बोलावणं गेलं होतं. 2005 मध्ये त्यांनी या प्रकाराला ‘काचेचा कडा’ असं नाव दिलं. याच गटाने पुढे 2001 ते 2005 चे आकडे घेतले. त्यात नफ्याच्या हिशेबी मापांत फरक दिसला नाही, पण फक्त पुरुष असलेल्या मंडळांच्या कंपन्यांना बाजार 37 टक्के जादा मोल देत होता. नफ्याची मापं सारखी आणि भाव वेगळा, तर तो फरक कंपनीच्या वह्यांत नव्हता. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता.

पण या विषयाची खरी रणभूमी आहे नॉर्वे. 22 फेब्रुवारी 2002 रोजी तिथले व्यापार व उद्योगमंत्री अन्सगार गॅब्रिएलसन यांनी ‘व्हीजी’ या वृत्तपत्राला सांगून टाकलं की बड्या कंपन्यांच्या मंडळांवर 40 टक्के स्त्रिया हव्यात, नाहीतर कायदा आणू. गॅब्रिएलसन उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. अशी घोषणा त्यांच्याकडून कोणालाच अपेक्षित नव्हती, त्यांच्या सरकारातल्या सहकाऱ्यांनाही नाही. अर्थशास्त्रज्ञांना असा धक्का म्हणजे पर्वणीच, कारण बाजाराने आधीच अंदाज बांधून ठेवल्याची शंका राहत नाही. 2003 अखेर कायदा झाला, कंपन्या आपणहून हलल्या नाहीत तेव्हा तो सक्तीचा झाला, आणि 2008 च्या आरंभापर्यंत पूर्तता न करणाऱ्या कंपनीला थेट विसर्जनाची शिक्षा ठरली. ओस्लोचं हे प्रकरण आपल्या 50 हजारांच्या दंडाशेजारी ठेवून पाहावं.

केनेथ अहर्न आणि एमी डिटमार यांचा 2012 मधला शोधनिबंध म्हणतो की त्या फेब्रुवारीतल्या बातमीनंतर, मंडळावर एकही स्त्री नसलेल्या कंपन्यांचे भाव साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरले. जिथे आधीपासून स्त्री होती तिथे फारसं काही हललं नाही. पुढच्या वर्षांतही ‘क्यू’ खाली आला. त्यांनी दोष स्त्रीत्वाला दिला नाही हे महत्त्वाचं. मंडळं घाईत भरली गेली, नवे सदस्य वयाने लहान आणि अनुभवाने कमी होते, असं त्यांचं निदान. ते जगभर उद्धृत झालं. आरक्षणाच्या विरोधकांना तर कोलीतच मिळालं. मग एस्पेन एक्बो, क्नुट नायगार्ड आणि कारिन थोरबर्न यांनी तेच गणित पुन्हा मांडलं. एकाच दिवशी, एकाच देशात, एकाच बातमीवर हललेले भाव एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत; ते लक्षात घेतलं तर घसरण शून्यापासून वेगळी काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक कोन पुढे आणला. कायद्यानंतर मंडळांवर आलेल्या स्त्रिया आधीच्या स्त्रियांपेक्षा जास्त पात्रतेच्या होत्या. कंपनीतल्या खालच्या पायऱ्यांवरच्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र फारसं काही आलं नाही. दरम्यान कित्येक कंपन्यांनी कायदा लागू असलेलं स्वरूपच सोडलं आणि वेगळ्या कंपनीप्रकारात जाऊन बसल्या. हाही गुंतवणूकदारांचाच एक प्रतिसाद. तो भावांच्या तक्त्यात उमटत नाही, इतकंच.

या भांडणातून मोटामोटी तीन पंथ उभे राहिले. पहिला पंथ म्हणतो, स्त्रिया आल्याने धंद्याचं भलं होतं आणि शहाणा गुंतवणूकदार ते ओळखतो. 2007 च्या सुमारास सल्लागार संस्थांच्या अहवालांनी ही मांडणी लोकप्रिय केली: स्त्रिया जास्त असलेल्या कंपन्या जास्त नफ्यात. पण जास्त नफ्यातल्या कंपन्यांनाच स्त्रिया नेमणं परवडतं का, हा उलट प्रश्न त्या रंगीत आलेखांत बसत नव्हता. हा पंथ मला कमजोर वाटतो, त्याचा हेतू चांगला असूनही. त्यातलं सर्वांत भक्कम काम रेनी अ‍ॅडम्स आणि डॅनियल फरेरा यांचं, 2009 मधलं, आणि ते पंथाला पुरतं सोयीचं नाही. स्त्रिया बैठकांना जास्त हजर राहतात, त्या असल्या की पुरुषांची हजेरीही सुधारते, भाव पडला की मुख्य अधिकाऱ्याला जाब विचारला जाण्याची शक्यता वाढते; तरीही सरासरी कामगिरीवरचा परिणाम मात्र उणे. ज्या कंपन्यांत आधीच देखरेख कडक आहे तिथे आणखी देखरेखीने नुकसान होतं, असा त्यांचा खुलासा आहे.

दुसरा पंथ पुरवठ्याचा: सक्ती केली की योग्य माणसं कमी पडतात आणि बाजार त्याची किंमत लावतो. नॉर्वेनंतर त्याला कॅलिफोर्निया मिळालं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर 2018 मध्ये सही केलेल्या कायद्याने 2019 अखेरपर्यंत किमान एक स्त्री सक्तीची केली. घोषणेनंतर तिथल्या कंपन्यांचे भाव घसरल्याचे निबंध आले, आणि मे 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने कायदाच रद्द केला.

तिसरा पंथ पाहणाऱ्याकडे पाहतो, आणि माझा कल तिकडे आहे. फ्रँक डॉबिन आणि जिवूक जंग यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक मोठ्या कंपन्या तपासल्या. स्त्रिया आल्याने नफा बदलला नाही, भाव मात्र उतरला. विकणारे कोण होते? लहान हिस्सा बाळगणाऱ्या वित्तसंस्था, ज्यांच्या व्यवहारांकडे कोणाचं लक्ष नसतं. मोठा हिस्सा असलेले, लोकांच्या नजरेतले फंड उलट हिस्सा वाढवत होते. इझाबेल सोलाल आणि काइसा स्नेलमन यांनी 1998 ते 2011 या काळातल्या अमेरिकी कंपन्यांच्या आकड्यांतही स्त्रीच्या नेमणुकीनंतर बाजारमूल्य उतरलेलं पाहिलं आणि त्याचं कारण प्रयोगाने शोधलं. नेमणुकीचं तेच निवेदन, फक्त नाव एकदा स्त्रीचं, एकदा पुरुषाचं. वाचणाऱ्यांनी स्त्रीला कमी लायक ठरवलं नाही. त्यांनी कंपनीबद्दल मत बनवलं: या कंपनीला नफ्यापेक्षा सामाजिक उद्दिष्टांची जास्त काळजी दिसते. शिक्षा झाली ती त्या समजाला. कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन यांनी 2015 मध्ये 140 अभ्यासांची एकत्र बेरीज केली, तेव्हा हिशेबी नफ्याशी किंचित अनुकूल नातं निघालं आणि बाजारातल्या कामगिरीशी जवळपास शून्य. पण ज्या देशांत स्त्री-पुरुष समता जास्त, तिथे बाजारही अनुकूल निघाला.

आता आपल्याकडे वळू. पुण्याच्या ‘थरमॅक्स’ची कहाणी या विषयाचा कोणताही देशी अभ्यास टाळू शकत नाही. 1996 मध्ये रोहिंटन आगा यांचं अचानक निधन झालं आणि मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या अनु आगा यांच्याकडे अध्यक्षपद आलं. कंपनीचे शेअर बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुढची काही वर्षं भांडवली मालाच्या धंद्याला मंदीची गेली आणि चारशे रुपयांचा शेअर घसरत घसरत 36 रुपयांवर आला. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून, तुम्ही आमचा घात केलात, अशा अर्थाचं सुनावलं. त्या पत्राने आपली झोप उडवली, असं अनु आगा यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ बरखास्त करून स्वतंत्र सदस्यांसह नव्याने बांधलं, बिनमहत्त्वाचे धंदे सोडले, आणि कंपनी नफ्यात परत आणून 2004 मध्ये मुलीकडे सूत्रं सोपवली. ते पत्र एखाद्या पुरुष अध्यक्षालाही आलं असतं का? आलं असतं, बहुधा. पण नवऱ्याच्या जागी आली म्हणून ही बाई खुर्चीवर आहे, हा संशय पुरुषाच्या वाट्याला आला नसता. मुलगा वडिलांच्या जागी येतो तेव्हा बाजार त्याला वारसा म्हणतो.

भारतीय प्रश्नाची गाठ इथेच आहे. इथे बहुतेक कंपन्या कुटुंबाच्या हातात, त्यामुळे गुंतवणूकदार बाई किंवा पुरुष हे नंतर पाहतो, आधी पाहतो ती कोणाची. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या जयती सरकार आणि त्यांच्या सहसंशोधक एकता सेलारका यांचा कुटुंबचालित कंपन्यांवरचा अभ्यास नेमकं हेच सांगतो. स्वतंत्र स्त्री संचालकांमुळे कंपनीचं मोल वाढलेलं दिसतं. कुटुंबातल्या स्त्रीमुळे उल्लेखनीय फरक पडत नाही. आणि कुटुंबाचा कब्जा जितका घट्ट, तितका स्त्री संचालकांचा परिणाम विरळ. कंपन्यांच्या कारभारावरच्या उदय कोटक समितीच्या 2017 च्या अहवालानंतर ‘सेबी’ने म्हणूनच नियमात ‘स्वतंत्र’ हा शब्द घातला: बाजारमूल्याने पहिल्या 500 कंपन्यांना एप्रिल 2019 पासून, पहिल्या हजारांना एप्रिल 2020 पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची झाली. गंमत म्हणजे पुढे हा नियम मोडण्याबद्दल दंडाच्या नोटिसा घेणाऱ्यांत सरकारी तेल कंपन्याही होत्या. त्यांचं ठरलेलं उत्तर असं, की संचालक मंत्रालय नेमतं, आमच्या हातात काही नाही.

आणि गुंतवणूकदार घरच्या माणसांतही भेद करतो. 2014 मध्ये नीता अंबानी ‘रिलायन्स’च्या मंडळावर आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. 2023 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि तिन्ही मुलांच्या नेमणुकांवर मतदान झालं. ईशा आणि आकाश यांना 98 टक्क्यांहून जास्त मतं पडली, अनंत यांना सुमारे 93. भागधारकांनी मत कसं द्यावं ते सुचवणाऱ्या काही मतसल्लागार संस्थांनी अनंत यांच्या नावाला विरोध सुचवला होता, कारण वय आणि अनुभव. मुलगी म्हणून ईशा यांची मतं घटली नाहीत. एका मतदानावरून सिद्धांत मांडायचा नसतो, पण भावापेक्षा मत किती नेमकं बोलतं, ते इथे दिसतं.

हे सगळं आत्ताच का? कारण मोठ्या फंडांनी गेल्या दहा वर्षांत दोनदा सूर बदलला. मार्च 2017 मध्ये ‘स्टेट स्ट्रीट’ने वॉल स्ट्रीटच्या बैलासमोर निर्भय मुलीचा पुतळा उभारला आणि मंडळावर स्त्री नसेल तर विरोधात मत देऊ असं बजावलं. ‘ब्लॅकरॉक’ आणि ‘व्हॅनगार्ड’ही त्याच वाटेने गेले. त्या दबावाने कंपन्यांनी खरोखरच झपाट्याने स्त्रिया नेमल्या, हे नंतरच्या संशोधनात दिसलं. (त्याच वर्षी ‘स्टेट स्ट्रीट’ने स्वतःच्याच स्त्री अधिकाऱ्यांना कमी पगार दिल्याच्या आरोपावर पन्नास लाख डॉलर मोजून तडजोड केली, हेही नोंदवून ठेवावं.) डिसेंबर 2024 मध्ये ‘नॅसडॅक’ या अमेरिकी शेअर बाजाराचा संचालक मंडळांवरच्या विविधतेचा नियम न्यायालयाने उडवला, आणि 2025 च्या सुरुवातीला याच फंडांनी आकड्यांचे आग्रह गुपचूप मागे घेतले. अटलांटिकच्या अलीकडे मात्र युरोपीय संघाने जून 2026 ची मुदत घातली आहे: बिगर-कार्यकारी संचालकांत 40 टक्के किंवा सर्व संचालकांत एक तृतीयांश जागा कमी संख्येत असलेल्या लिंगाला. ब्रिटनने कायदा न करता, निव्वळ पाठपुराव्याने, मोठ्या 350 कंपन्यांत 40 टक्क्यांचा टप्पा 2022 मध्येच गाठला. एकच पैसा, तीन किनारे, तीन वागणुकी. गुंतवणूकदारांचं ‘मत’ हे किती अंशी त्यांच्या सरकारचं मत असतं, हा प्रश्न यातून उभा राहतो आणि संग्रहाच्या उत्तरार्धाचा तोच कणा आहे.

मराठीत या विषयावर आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक यशस्वी स्त्रियांच्या मुलाखतींच्या रूपात. त्या वाचनीय असतात, पण गुंतवणूकदार त्यांत कुठेच नसतो. हा संग्रह खुर्चीवरच्या बाईकडून नजर काढून समोरच्या रांगांकडे वळवतो: म्युच्युअल फंडांचे व्यवस्थापक, परदेशी वित्तसंस्था, मतसल्लागार, आणि वार्षिक सभेत खाऊचा पुडा हातात घेऊन अध्यक्षांची आरती ओवाळणारे आपले किरकोळ भागधारक. सहकारी साखर कारखाने आणि नागरी बँका यात नाहीत. तिथे स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत, पण त्यांच्या शेअरला बाजारभाव नाही. कोल्हापूरच्या लीना नायर 2022 मध्ये ‘शनेल’च्या प्रमुख झाल्या, त्याही याच कारणाने बाहेर राहिल्या. ती कंपनी खासगी आहे, बाजाराला बोलायला जागाच नाही. संख्याशास्त्र शक्य तिथे परिशिष्टात ढकललं आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी नॉर्वेचा लेख मात्र गाळू नये.

एक विनंती. 2022 पासून स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला साधारणपणे 75 टक्के मतं लागतात, आणि म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणं बंधनकारक आहे; त्यांनी काय मत दिलं ते त्यांच्या संकेतस्थळांवर जाहीर असतं. तुमच्या नावावर दहा शेअर असले तरी ई-मतदानाची मेल तुम्हालाही येते. पुढच्या वेळी ती पुसून टाकू नका. सूचनेच्या जोडपत्रात प्रस्तावित संचालकाची दोन-तीन परिच्छेदांची माहिती असते, ती वाचा: शिक्षण, अनुभव, इतर कोणत्या मंडळांवर, प्रवर्तकाशी नातं. मग मत द्या. मतदान किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं.